‘रक्तातच आहे’ असे म्हणण्यापूर्वी

नाशिकमध्ये एखाद्या रात्री कुठल्या तरी वस्तीत उभ्या गाड्यांच्या काचा फुटतात, कुणावर तरी कोयत्याने वार होतो आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ‘संशयितांमध्ये दोन विधिसंघर्षग्रस्त बालकांचा (म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलांचा) समावेश’ असे एक वाक्य येते. त्या वाक्यामागचे कारण शोधण्याची घाई मग सगळ्यांनाच होते. चहाच्या टपरीवर, सोसायटीच्या बैठकीत आणि शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीतही साधारण तीनच उत्तरे ऐकू येतात. कुणी म्हणते, ‘रक्तातच आहे, बापही तसलाच होता.’ कुणी म्हणते, ‘वयच तसले, अंगात मस्ती असते.’ तिसरा म्हणतो, ‘संगत वाईट, दुसरे काय?’ अभ्यासक ज्यांना आनुवंशिकता, संप्रेरके (हार्मोन्स) आणि परिस्थिती म्हणतात, त्या तिन्ही गोष्टी अशा रीतीने आपल्या बोलण्यात आधीपासूनच हजर आहेत. तक्रार त्यांच्या हजेरीबद्दल नाही. त्यांतले एकेक उचलून निकाल म्हणून वापरले जाते, याबद्दल आहे.

हा प्रश्न टपरीपुरता असता तर चालले असते. पण बाल न्याय अधिनियम, २०१५ हा कायदा १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला आणि त्याच्या कलम १५ ने हाच प्रश्न कागदावर आणला. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर, ज्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे अशा गुन्ह्याचा आरोप असेल, तर बाल न्याय मंडळाने त्याचे प्राथमिक मूल्यमापन करायचे असते. असा गुन्हा करण्याची मानसिक आणि शारीरिक क्षमता त्याच्यात होती का, परिणाम समजण्याची कुवत होती का आणि कोणत्या परिस्थितीत ते घडले, हे पाहून त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालवावा की नाही, ते ठरते. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. मानसशास्त्रज्ञाची मदत घेण्याची तरतूद असते. म्हणजे शरीर आणि परिस्थिती यांच्यातला जुना वाद नाशिकमधील उंटवाडीच्या निरीक्षणगृहात बसलेल्या एखाद्या मुलाच्या पुढच्या दहा वर्षांशी थेट जोडला गेला आहे. माझे म्हणणे असे की, ही तिन्ही कारणे खरी आहेत. परंतु त्यांतून जे ज्ञान मिळते ते हजारो मुलांसाठी धोरण आखण्याच्या कामाचे आहे, एका मुलाचा निवाडा करण्याच्या कामाचे नाही. आपण मात्र ते एका मुलावर लादतो आणि धोरणाच्या वेळी विसरतो.

या विषयात सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे टक्केवारी. जुळ्यांवरच्या सुमारे पन्नास वर्षांतील २,७४८ शोधनिबंधांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १७,८०४ गुणलक्षणे तपासली होती आणि आनुवंशिकतेचे सरासरी प्रमाण ४९ टक्के निघाले होते. हा आकडा वाचणाऱ्याला सहजच वाटते की माणसाचा अर्धा स्वभाव जन्माबरोबर येतो आणि उरलेला अर्धा घरात व गल्लीत घडतो. या आकड्याचा अर्थ तसा नाही. एका समूहातल्या माणसांमध्ये जो परस्परांत फरक दिसतो, त्या फरकापैकी किती भाग त्यांच्या जनुकांमधील फरकाशी जुळतो, एवढेच तो सांगतो. एका माणसाच्या आत काय चालले आहे, याविषयी तो काहीच सांगत नाही.

निफाड किंवा दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराला हे समजायला अवघड जाऊ नये. डॉगरिजच्या खुंटावर थॉम्पसनची कलमे बांधलेली बाग घ्या. कलमे एकाच वाणाची असल्याने सगळ्या वेलींचा वारसा जवळपास तंतोतंत सारखा असतो. तरीही बांधाकडच्या ओळीत मणी बारीक आणि मधल्या ओळीत टपोरे असतात, कारण कुठे मुरूम वर आलेला असतो, कुठे ठिबकची नळी तुंबलेली असते, कुठे छाटणीला उशीर झालेला असतो. या बागेत आनुवंशिकतेचे प्रमाण काढले तर ते शून्याजवळ येईल, कारण वेलींमध्ये वारशाचा फरकच नाही. म्हणून मण्यात बी नसणे किंवा त्याचा रंग हिरवा असणे हे वारशाने आलेले नाही, असे कोणी म्हणेल काय? आता त्याच मातीत, त्याच पाण्यावर अर्धी थॉम्पसन आणि अर्धी काळी शरद सीडलेस लावली, तर तेच प्रमाण एकदम वर चढेल. थॉम्पसनच्या वेलीत काहीही बदललेले नसते. बदललेली असते ती तुलना. संप्रेरकांचेही तसेच. फुलोऱ्यापूर्वी दिलेल्या जीएने (जिबरेलिक आम्ल या वनस्पती-संप्रेरकाने) घडाचा दांडा लांबतो, ऐन फुलोऱ्यात दिले तर फुले गळून विरळणी होते आणि मणी धरल्यावर डिपिंग केले, म्हणजे घड त्यात बुडवले, तर मणी फुगतो. द्रावण एकच असते, परिणाम वेळेवर आणि वेलीच्या अवस्थेवर ठरतो. वेलीला हेतू नसतो आणि माणसाला असतो, म्हणून ही तुलना येथेच सोडतो.

‘वय’ या उत्तराकडे आता पाहू, कारण तीन उत्तरांपैकी हेच सगळ्यांत आधुनिक आणि निरुपद्रवी वाटते. पौगंडावस्थेत मुलाच्या रक्तातले टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक अनेक पटींनी वाढते, हे खरे. पण ते केवळ कोयता उचलणाऱ्याचे वाढते असे नाही. पहाटे मैदानावर पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या मुलाचेही वाढते, गणपतीत कमरेला ढोल बांधणाऱ्याचेही वाढते आणि खोलीचे दार लावून अभ्यास करणाऱ्याचेही. झ्युरिचमधील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग यासंदर्भात फार बोलका आहे. पैसे वाटून घेण्याच्या एका खेळात काही स्त्रियांना टेस्टोस्टेरॉनची एक मात्रा आणि काहींना बिनऔषधी मात्रा दिली होती. ज्यांना खरोखर संप्रेरक मिळाले होते, त्यांनी समोरच्याला अधिक न्याय्य वाटा देऊ केला. ज्यांना ‘आपल्याला टेस्टोस्टेरॉन दिले आहे’ असे वाटत होते, त्या मात्र अधिक आपमतलबी वागल्या, मग त्यांनी प्रत्यक्षात काहीही घेतलेले असो. संप्रेरकापेक्षा त्याविषयीच्या समजुतीने जास्त नुकसान केले. ‘पुरुषाचे रक्तच गरम’ हे पोराच्या कानावर लहानपणापासून घालणाऱ्या घरांनी या निष्कर्षावर थोडा वेळ विचार करावा.

शिवाय संप्रेरके फक्त हुकूम सोडत नाहीत, ती हुकूम घेतातही. फिलिपीन्समधील सेबू शहराच्या परिसरात ६२४ तरुणांचे टेस्टोस्टेरॉन साडेचार वर्षांच्या अंतराने दोनदा मोजले गेले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले की, जे या काळात बाप झाले त्यांची पातळी इतरांपेक्षा बरीच अधिक उतरली, आणि जे दिवसाचे तीन तास किंवा त्याहून जास्त वेळ मुलाला सांभाळत होते त्यांची सर्वांत कमी होती. म्हणजे लेकरू मांडीवर घेतल्याने पुरुषाचे रक्त बदलते. स्पर्धेत उतरल्याने, जिंकल्याने, अपमान झाल्याने तेही बदलते. ज्याला आपण वर्तनाचे कारण समजतो तो अनेकदा त्याच वर्तनाचा परिणाम असतो. पौगंडावस्थेबद्दल आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात संगणकावरील गाडी चालवण्याच्या खेळात किशोरवयीन मुले एकटी असताना जेवढा धोका पत्करत, त्यापेक्षा मित्र पाहत असताना कितीतरी जास्त पत्करत. प्रौढांवर मित्रांच्या उपस्थितीचा तसा परिणाम झाला नाही. या एका निरीक्षणात ‘वय’ आणि ‘संगत’ ही दोन उत्तरे एकमेकांत अशी विरघळतात की त्यांना वेगवेगळे तोलताच येत नाही.

‘रक्त’ हे उत्तर मात्र निरुपद्रवी नाही. त्याच्या मागे विज्ञान थोडे आणि इतिहास फार आहे. विज्ञानाचे आधी पाहू. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा जन्मापासून पाठपुरावा झाला. त्यांपैकी मुलग्यांच्या माहितीवर आधारलेला एक गाजलेला निबंध २००२ मध्ये आला. मेंदूतील काही रसायने मोडून टाकणारे एमएओए नावाचे विकर (एन्झाइम) कमी प्रमाणात बनवणारा जनुकप्रकार ज्यांच्यात होता आणि ज्यांना लहानपणी मारहाण किंवा छळ सोसावा लागला होता, अशांमध्ये पुढे हिंसक वर्तन अधिक आढळले. जनुकप्रकार तोच, पण बालपण सुरक्षित, अशांमध्ये तसे आढळले नाही. पुढच्या अभ्यासांनी याला कधी दुजोरा दिला, कधी दिला नाही; आणि एका जनुकाचा वर्तनावर होणारा परिणाम फार छोटा असतो, हे आता सर्वमान्य आहे. पण वृत्तपत्रांनी तोवर या जनुकाला ‘लढवय्या जनुक’ म्हणून टाकले होते. २००९ मध्ये इटलीतील त्रिएस्ते येथील अपील न्यायालयाने एका खुन्याच्या शरीरात हा प्रकार आहे म्हणून शिक्षा एक वर्षाने कमी केली. २०१२ मध्ये अमेरिकेतील १८१ न्यायाधीशांसमोर एक काल्पनिक खटला ठेवला, तेव्हा आरोपीच्या हिंसकपणाचे जैविक कारण ऐकलेल्या न्यायाधीशांनी सरासरी सुमारे एक वर्ष कमी शिक्षा सुचवली. मात्र हाच पुरावा आरोपीला अधिक धोकादायक ठरवतो, असेही त्यांच्यापैकी अनेकांना वाटले. ज्या पुराव्यातून ‘बिचारा, त्याचा इलाज नव्हता’ आणि ‘तो सुधारणारच नाही, आत ठेवा’ हे दोन्ही अर्थ सारख्याच सहजतेने निघतात, तो पुरावा न्यायनिवाड्यात काय कामाचा?

इतिहास आपल्याला अधिक जवळचा आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींना जन्मतः गुन्हेगार मानले. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यापर्यंत आला. पारधी, कैकाडी, भामटा, कंजारभाट अशा समाजांतील माणसांची नोंद, पोलिसांकडे हजेरी, हद्द सोडायची तर परवाना आणि काही ठिकाणी काटेरी तारांच्या आतली वसाहत, असा तो कारभार होता. या कायद्याचा आणखी एक भाग लक्षात घेण्यासारखा आहे: १८९७ च्या दुरुस्तीने या जमातींची मुले आईबापांपासून तोडून सुधारगृहात ठेवण्याची सोय केली. गुन्हा खरोखर रक्तात असेल तर मूल दूर नेऊन काय साधणार? आणि तो संगतीत असेल तर पाळण्यातल्या मुलाला गुन्हेगार जमातीचे म्हणायचे कशासाठी? सरकारला या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या वाटत होत्या, कारण दोन्हींमधून त्याला हवी ती सत्ता मिळत होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला, म्हणून त्या जमातींना आपण विमुक्त म्हणतो आणि तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पण त्यानंतर आलेल्या सराईत गुन्हेगारविषयक कायद्यांतून संशय वेगळ्या वाटेने आत आला. तुरुंगांच्या नियमपुस्तिकांमध्ये विमुक्त जमातींचा सराईत गुन्हेगार असा उल्लेख अगदी आतापर्यंत होता. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तो काढून टाकायला लावला. शहरात आज जातीचे नाव उघडपणे घेतले जात नाही, त्याऐवजी वस्तीचे नाव घेतले जाते. मुलाखतीत पत्ता ऐकून भुवया उंचावणारा मालक आपण जातीयवादी नाही, असे शपथेवर सांगेल.

याउलट, ज्याला आपण ‘परिस्थिती’ म्हणतो ती शरीराबाहेर थांबत नाही, हे क्वचितच कुणी ध्यानात घेतो. याचे सर्वांत चांगले उदाहरण मिठाचे आहे. मातीत आयोडीन कमी असेल तर अन्नात कमी येते, गरोदर बाईच्या थायरॉइडला ते पुरत नाही आणि पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ मंदावते. अशी मुले पिढ्यान् पिढ्या एकाच डोंगरी भागात जन्मत राहिली की शेजारी म्हणणार, ‘त्या घराण्यातच आहे.’ डॉ. वुलिमिरी रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मीठ देऊन त्याच कमतरतेने होणाऱ्या गलगंडाचे प्रमाण उतरवून दाखवले, तेव्हा ‘घराण्यात’ असलेली गोष्ट मिठाच्या पुडीत सापडली. माती, संप्रेरक आणि बुद्धी यांची ही एकच साखळी आहे. तिचा कोणता भाग निसर्ग आणि कोणता संगोपन, हा प्रश्न येथे निरर्थक ठरतो. पेट्रोलमधील शिशाचेही तेच. लहान मुलाच्या मेंदूत शिसे गेले की लक्ष एकाग्र करण्याची आणि स्वतःला आवरण्याची क्षमता घटते, आणि २००० सालापर्यंत आपण ते भर रस्त्यात जाळत होतो.

नाशिक जिल्ह्यापुरते बोलायचे तर पेठ आणि सुरगाण्याची कुटुंबे द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी-निफाडच्या बागांवर कामाला उतरतात, तेव्हा त्यांच्या लहान मुलांची अंगणवाडी गावातच राहते आणि मूल बांधावर. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आईबाप दोघेही आळीपाळीने पाळ्या करतात, तेव्हा तेरा वर्षांचा मुलगा संध्याकाळी सहा ते रात्री अकरा कुणाच्या नजरेत असतो, हे विचारणारे कुणी नसते. सततच्या ताणात वाढणाऱ्या मुलाचे कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वेळीअवेळी चढते आणि त्याचा मेंदू धोका टिपायला अधिक आणि थांबून विचार करायला कमी सरावतो. ही मुले गुन्हेगार होतात असे मी म्हणत नाही, बहुसंख्य होत नाहीत. पण सरकारने काही बदलायचे ठरवले, तर बदलता येण्याजोग्या गोष्टी येथे आहेत. जनुके बदलता येत नाहीत आणि वय कुणी थोपवू शकत नाही.

पुण्यात मे २०२४ मध्ये सतरा वर्षांच्या एका मुलाने महागडी गाडी चालवताना दोघांचा जीव घेतल्याचा आरोप झाला आणि त्याला जामिनाच्या अटीत तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला, तेव्हा सगळा महाराष्ट्र संतापला. तो संताप रास्तच होता. मात्र त्या संतापात एक गोष्ट निसटली. त्या प्रकरणात गाडी कुणी दिली, दारू कुणी पाजली, हे पहिल्या आठवड्यातच शोधले गेले आणि मोठ्या माणसांवर गुन्हे दाखल झाले. कोयत्याच्या प्रकरणात मुलाला कोयता कुणी दिला, त्याला वाढदिवसाच्या बॅनरवर कुणी बसवले, कुणाच्या नावाची भीती त्याच्या तोंडून वदवून घेतली गेली, याचा शोध तितक्याच तत्परतेने होतो का? पैसेवाल्याच्या मुलाबाबत आपण भोवतालची माणसे शोधतो आणि गरिबाच्या मुलाबाबत रक्त. शास्त्राची ही निवडक आठवण मला सर्वांत जास्त खटकते.

येथे एक आक्षेप येणारच, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सगळेच जर जनुक, संप्रेरक आणि परिस्थितीने ठरत असेल, तर कुणालाच दोषी धरू नये काय? ज्याचा भाऊ वारात गेला, त्याच्या घरी जाऊन आपण कॉर्टिसॉलची गोष्ट सांगणार आहोत काय? नाही. कारण समजणे म्हणजे माफ करणे नव्हे. आपण दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला शिक्षा करतो, जरी त्याच्या मेंदूत मद्य काय करते हे नेमके ठाऊक असले तरी. मुलाला त्याच्या कृत्याचा जाब द्यावा लागलाच पाहिजे आणि पीडिताला कायद्यापुढे समोरासमोर उभे राहता आले पाहिजे. पण जाब किती घ्यायचा आणि मुलाचे पुढे काय करायचे, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना ‘हा बदलणार नाही’ असे म्हणण्याचा अधिकार आज कुठल्याही रक्ततपासणीला, कुठल्याही जनुकाला आणि कुठल्याही चाचणीला नाही. कायद्यालाही हे मान्य आहे: प्रौढाप्रमाणे खटला चालला तरी मूल एकवीस वर्षांपर्यंत सुरक्षित ठिकाणीच राहते, तेव्हा त्याच्यातला बदल पुन्हा तपासला जातो, आणि त्याला फाशी किंवा सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप देता येत नाही.

कलम १५ ची अडचण म्हणूनच खरी आहे. क्षमता होती का, हे गुन्ह्यानंतर काही आठवड्यांनी, निरीक्षणगृहाच्या खोलीत, शांत बसलेल्या मुलाशी बोलून मोजायचे असते. पण ज्या क्षणी कृत्य घडले तेव्हा त्याच्याभोवती चार मित्र होते, रात्र होती, दुपारी कुणीतरी अपमान केलेला होता. शांत खोलीत परिणाम अचूक सांगणारा सतरा वर्षांचा मुलगा घोळक्यात तेच ज्ञान वापरू शकतो की नाही, हे प्रश्नावलीतून कळत नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे मूल्यमापन नाजूक काम असल्याचे सांगून मानसशास्त्रज्ञाची मदत घेण्यावर जो भर दिला, तो योग्यच आहे. परंतु मानसशास्त्रज्ञाने आपल्या अहवालात ‘क्षमता आहे’ एवढेच दोन शब्द लिहून सही करणे, हा त्या मदतीचा अर्थ होऊ नये. बुद्धी, झोप, डोक्याला पूर्वी झालेली इजा, नशा, शाळा कधी सुटली, घरात मारहाण होती का, हे सगळे लिहावे आणि यातून भविष्य सांगता येत नाही हेही लिहावे.

आणखी एक कागद नीट वाचला जावा असे वाटते. परिवीक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) मुलाच्या घरी जाऊन जो सामाजिक तपासणी अहवाल तयार करतात, त्यात कुटुंबातील कुणाचा पूर्वी गुन्ह्यात सहभाग होता का, असा रकाना असतो. तेथे ‘वडील, दोन वेळा अटक’ असे लिहिले की वाचणाऱ्याच्या मनात १८७१ जागे होते. त्याच नोंदीपुढे आणखी चार गोष्टी लिहायला हव्यात: वडील आत होते तेव्हा मुलाचे वय काय होते, घर कोण चालवत होते, त्या वर्षी मुलाची शाळा चालू होती की सुटली आणि त्याला संध्याकाळी जेवायला कोण वाढत होते. नाशिकच्या मंडळाने एवढी माहिती मागायला सुरुवात केली, तर त्यासाठी नवा कायदा लागत नाही. लागतात ते पुरेसे परिवीक्षा अधिकारी आणि त्यांना प्रत्येक घरी पुन्हा जाता येईल एवढा वेळ.